तीन सीट, तंजावर

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'गोवा २०१९' आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या सेमिस्टरला तो काढला आणि गोव्याला आम्ही आजतागायत गेलेलो नाही. सुरुवातीला त्यात अकरा जण होते. लग्नं, कॅनडा, एमबीए आणि क्रिप्टोवरून झालेलं एक भांडण, यातून बोलणारे तिघंच उरले. मी, मास्तर आणि अण्णा. तिघंही बेंगळुरूत. मास्तर आणि मी एका फ्लॅटमध्ये, अण्णा दोन गल्ल्या सोडून.

मास्तरला मास्तर म्हणतात कारण एम-थ्रीच्या पेपरच्या आदल्या रात्री त्याने हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये बसून पंधरा जणांना लाप्लास शिकवला होता. त्यातले बारा सुटले. अण्णाला अण्णा म्हणतात कारण तो बेंगळुरूला आमच्या आधी वर्षभर आला आणि भाजीवाल्याशी कन्नडमध्ये घासाघीस करता येते, याचा त्याला भयंकर अभिमान आहे.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी दुपारी आमचं रिलीज पुढे ढकललं गेलं. चार वाजता अचानक शनिवार-रविवार रिकामा झाला. मी ग्रुपवर लिहिलं, 'आज रात्री निघू. कुठेही.' असं मी याआधी किमान वीसदा लिहिलं असेल. या वेळी अण्णाने दोन मिनिटांत बसच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट टाकला. गोकर्ण फुल्ल. हंपी फुल्ल. पुदुच्चेरी फुल्ल. मुन्नारचं एका माणसाचं भाडं बघून आम्ही ते पान गुपचूप बंद केलं. मग त्याने तंजावर टाकलं. मागच्या चाकावरच्या तीन सीट, एकमेकांशेजारी.

'तिथे काय आहे?' मी विचारलं.

मास्तरने सुरुवातीला लिहिलं होतं, 'मला नाही जमणार, काम आहे.' अण्णाने उत्तर दिलं, 'मग तिघंही नाही.' दहा मिनिटं शांतता. मग मास्तरचा मेसेज आला: 'व्यंकोजीचं तंजावर. पाहुणेच की आपले. चला.'

एवढ्यावर ठरलं. तंजावरबद्दल मला तोवर दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, आईच्या मैत्रिणीच्या दिवाणखान्यात सोनेरी वर्खाचं एक तंजावर पेंटिंग आहे. दोन, शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात शिवाजी महाराजांच्या सावत्र भावाचं गाव म्हणून ते येऊन जातं, एका मार्काच्या रिकाम्या जागा भरण्यापुरतं.

सिल्क बोर्डच्या फ्लायओव्हरखाली बस पाऊण तास उशिरा आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मास्तरने लॅपटॉपची बॅग आणली आहे. कपड्यांची सॅक वेगळी आणि ती वेगळी.

"ट्रिपला लॅपटॉप?"

"थोडं काम आहे," तो म्हणाला.

मी त्याला ऑफिसवरून दोन शिव्या घातल्या. वर्क-लाइफ बॅलन्सवर भाषणही दिलं. तो हसला. ते हसणं आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

*

पहाटे तंजावरला उतरलो तेव्हा अण्णाची कन्नड कुचकामी ठरली. त्याने रिक्षावाल्याला आत्मविश्वासाने "एष्टु?" विचारलं. रिक्षावाल्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की कोणीतरी त्याला मराठीत 'किती' विचारलं असतं तरी त्याने तेवढंच प्रेमाने पाहिलं असतं. मग बोटं वापरून सौदा झाला. त्या दोन दिवसांत आम्ही हॉटेलात, दुकानात, बसमध्ये सगळीकडे बोटं, मान आणि मोडक्या इंग्रजीवर जगलो. आजूबाजूला काय बोलतात ते आम्हाला कळत नव्हतं आणि आम्ही काय बोलतो ते कुणाला कळत नव्हतं. पहिले काही तास याचा त्रास झाला. नंतर मोकळं वाटायला लागलं.

लॉजवर आंघोळी उरकल्या. एका छोट्या हॉटेलात केळीच्या पानावर इडली खाल्ली, पितळेच्या दवरा-टंबलरमधून कॉफी प्यायलो आणि मोठ्या देवळाकडे निघालो. बृहदीश्वराला तिथे पेरिय कोविल म्हणतात, म्हणजे सरळ 'मोठं देऊळ'. राजराजा चोळाने बांधलेलं हे मंदिर १०१० साली पूर्ण झालं. फोटोत ते मोठं दिसतं. प्रत्यक्षात दोन गोपुरं ओलांडून आत आलात आणि समोर ते ग्रॅनाइटचं विमान उभं दिसलं, की मोठं हा शब्द पुरत नाही. साठ मीटरहून उंच, थरावर थर. आम्ही तिघं मान वर करून उभे राहिलो आणि काही वेळ कुणीच विनोद केला नाही. आमच्यासाठी हा विक्रम आहे.

रिक्षावाल्याने सोडताना बजावलं होतं, "शॅडो नो फॉलिंग, सार." या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, अशी तिथली प्रसिद्ध आख्यायिका आहे. अण्णाला ती आधीच यूट्यूबवर दिसली होती आणि तो तिच्यामागचं इंजिनिअरिंग आम्हाला समजावत होता. दहा वाजले होते. अनवाणी पायांखाली फरशी तापायला लागली होती आणि मास्तर मात्र आरामात उभा होता. आम्ही पाहिलं, तर तो शिखराच्या सावलीत उभा होता. चांगली लांब-रुंद, व्यवस्थित जमिनीवर पडलेली सावली.

"पडते की," मास्तर म्हणाला. "या इकडे, पाय भाजतील."

आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो.

देवळाच्या जोत्यावर चारही बाजूंनी तमिळ अक्षरं कोरलेली आहेत. राजराजाने कुणाला काय दिलं, याचा हिशेब आहे तो. दागिने, दिव्यांसाठी दिलेली जनावरं, अगदी देवळाच्या सेवेतल्या चारशे नर्तकींची नावंसुद्धा. आम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तसेच फिरत मागच्या कोपऱ्याकडे आलो आणि अण्णा ओरडला, "अरे, मराठी!"

भिंतीवर देवनागरी होती. ओळीमागून ओळ, जवळजवळ बसवलेली अक्षरं. तंजावरच्या भोसले घराण्याचा हा इतिहास सरफोजी दुसऱ्यांनी १८०३ साली कोरून घेतला. भाषा जुनी, शब्दांमध्ये मोकळी जागा जवळजवळ नाहीच. तरी बोट फिरवत एखादं नाव, एखादं क्रियापद लागत होतं. घरापासून हजार किलोमीटर लांब, तमिळ देवळाच्या भिंतीवर मराठी वाचताना अंगावर काटा आला, हे कबूल करायला हरकत नाही. अण्णाने तर लगेच स्टेटस टाकलं.

मी फोनवर पुढचं शोधून वाचून दाखवू लागलो. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. १८५५ मध्ये शेवटचा राजा मुलगा नसताना वारला आणि इंग्रजांनी उरलंसुरलंही खालसा केलं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ भोसले इथे होते. हे सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी तह करून राज्यकारभार काढून घेतला. राजांकडे किल्ला, राजवाडा आणि ठरलेला तनखा राहिला.

"थांब," मास्तर म्हणाला. "राज्य कधी गेलं?"

"१७९९."

"आणि हे कोरलं १८०३ ला. म्हणजे नोकरी गेल्यावर चार वर्षांनी माणसाने बसून सीव्ही कोरला."

आम्ही इतके हसलो की शेजारच्या कुटुंबाने वळून पाहिलं. मास्तरही हसला. मग तो बराच वेळ त्या भिंतीसमोर उभा राहिला. ऊन वाढलं होतं. आम्ही दोन हाका मारल्यावर आला.

*

दुपारी राजवाडा पाहिला. खरं सांगायचं तर राजवाडा थकलेला आहे. रंगवलेला दरबार हॉल, कबुतरं, पोपडे आलेल्या भिंती. पण त्याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय आहे आणि ते बघण्यासाठी पुन्हा तंजावरला जायची माझी तयारी आहे. ग्रंथसंग्रह आधीच्या नायक राजांपासूनचा, पण तो खरा वाढवला सरफोजींनी. ताडपत्रं, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी हस्तलिखितं, मोडीतले कागदांचे ढीग आणि युरोपातून मागवलेली पुस्तकं. या माणसाने देवनागरी छापखाना आणवला आणि इसापच्या गोष्टी मराठीत छापून घेतल्या. डोळ्यांच्या उपचारांत त्याला एवढा रस होता, की रोग्यांच्या डोळ्यांची चित्रं आणि त्यांच्या केसच्या नोंदी ठेवल्या गेल्या.

संग्रहालयाच्या एका भिंतीवर शार्ल ल ब्रँ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं लावली आहेत. एका बाजूला प्राण्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला तसाच दिसणारा माणूस. घुबड आणि घुबडासारखा माणूस, उंट आणि उंटासारखा माणूस. अण्णाला त्यात त्याचा प्रोजेक्ट मॅनेजर सापडला. मला माझा. आम्ही मास्तरला विचारलं, "तुझा कुठला?" तो म्हणाला, "माझा यात नाही." आम्हाला वाटलं, त्याला बॉस चांगला मिळालाय.

हे सगळं मी आता लिहितोय, तेव्हा प्रत्येक वाक्यात मला ते दिसतंय. तेव्हा दिसलं नाही. जुलैपासून मास्तर स्विगीवरून काही मागवत नव्हता. रोज खिचडी लावायचा, वर 'पोट हलकं राहतं' म्हणायचा. जिम बंद केली होती. सकाळी माझ्या आधी बाहेर पडायचा, जे तो आयुष्यात कधी करत नव्हता. मी दिवसभर ऑफिसात सर्व्हरचे लॉग वाचतो. एका रिक्वेस्टला दोनशे मिलिसेकंद जास्त लागले तर आमच्याकडे अलार्म वाजतो. इथे सगळे लॉग समोर होते आणि घरी आल्यावर मी रोज एकच प्रश्न विचारत होतो.

"काय चाललंय?"

"निवांत."

*

संध्याकाळी पुन्हा मोठ्या देवळात गेलो. तेव्हा ते बदललेलं असतं. दगड निवलेले, विमानावर मावळतीचा रंग चढलेला आणि आवारातल्या हिरवळीवर अख्खं गाव बसायला आलेलं. मुलं पळतायत, आज्या पाय पसरून बसल्यात, कॉलेजची पोरं-पोरी घोळक्याने. आम्हीही आडवे झालो. अण्णा एक लांबलचक किस्सा नेहमीच्या आवाजात सांगत होता आणि मधेच शेजारून आवाज आला, "तुम्ही मराठी काय?"

सत्तरीच्या आसपासच्या एक आजी. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, केसात अबोलीचा गजरा, सोबत दोन नातवंडं. त्यांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात. घरात मराठी, बाहेर तमिळ. महाराष्ट्रात त्या एकदाच आल्या होत्या, पंढरपूरला. त्यांच्या मराठीची मी इथे नक्कल करत नाही, कारण ती चेष्टा वाटेल आणि ती भाषा चेष्टेची नाही. चाल पूर्ण तमिळ, शब्द मात्र माझ्या पणजीच्या तोंडी शोभतील असे. एखादा शब्द आम्हाला लागला नाही की त्या हाताने दाखवायच्या. आमचं इंग्रजी मिसळलेलं मराठी त्यांनाही तेवढंच अवघड जात असावं.

गाव कुठलं, आई-वडील काय करतात, लग्नं झाली का, हे सगळं रीतसर झालं. मग त्यांनी विचारलं, "काम काय करता?"

"आयटीत आहे," अण्णा म्हणाला.

"मीपण," मी म्हणालो.

मास्तर नातवाने फेकलेला बॉल परत देत होता. तो देऊन झाल्यावर त्याने त्यांच्याकडे बघून सांगितलं, "माझं काम गेलं, आजी. जुलैत. सध्या काही नाही."

आजींनी मान हलवली. "मिळेल," म्हणाल्या. "जेवलात काय?" मग कुठल्या हॉटेलात जायचं आणि कुठल्या नाही ते त्यांनी नीट समजावलं, नातवंडांना हाका मारल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या.

त्या गेल्यावर आमच्यात किती वेळ शांतता होती ते सांगता येणार नाही. अण्णा गवत उपटत होता. मी जे पहिलं वाक्य बोललो ते रागाचं होतं.

"सात आठवडे? एका घरात राहतो आपण. सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं तुला," मास्तर म्हणाला. आवाज अगदी साधा. "सहा जुलै. बघ चॅटमध्ये."

मी बघितलं. 'तुमच्याकडे बॅकएंडला ओपनिंग आहे का? एका मित्राला हवंय.' खाली माझं उत्तर: 'रेझ्युमे पाठवायला सांग त्याला.' त्याखाली एक अंगठा. त्याखाली, चार मिनिटांनी, मी पाठवलेलं मीम. रेझ्युमे आला नव्हता. आला नाही, हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग तो बोलला. बारा मिनिटांचा कॉल. कॅमेरा बंद ठेवलेली एचआरची बाई कागदावरून वाचत होती. कॉल संपायच्या आत मेल बंद झाला. अडीच वर्षं ज्यांच्यासोबत रोज स्टँड-अप केला, त्यांना बाय म्हणायलाही जागा उरली नाही. दोन महिन्यांचा पगार हातात ठेवला. ऑफिसचा लॅपटॉप कुरिअरने परत गेला. बॅगेत होता तो कॉलेजचा जुना, गॅदरिंगचे स्टिकर लावलेला. तो घेऊन तो रोज सकाळी निघायचा आणि एका सार्वजनिक वाचनालयात बसायचा. तिथे पंखा चांगला आहे म्हणाला. संध्याकाळी साडेसातला परत. घरी वडिलांनी नवीन घर बांधलंय. त्याचा हप्ता मास्तर भरतो. घरी अजून माहीत नाही.

"पण का असं?" अण्णाने विचारलं. "आम्हाला का नाही?"

"पहिल्या दिवशी सांगणार होतो. तू तेव्हा प्रमोशनची पार्टी देत होतास. दुसऱ्या दिवशी वाटलं, आठवड्यात लागेल, मग सांगू. नंतर कुठून सुरू करायचं तेच कळेना. रोज त्यात एक दिवस वाढत गेला." थोडं थांबून म्हणाला, "आणि मी मास्तर ना रे. सगळ्यांना पास करणारा."

मला विचारायचं होतं, की आजींना कसं सांगितलंस. विचारलं नाही. त्यांना हा प्रश्न पडला तो खरोखर उत्तर हवं म्हणून, आणि उद्या त्या भेटणार नव्हत्या. इतक्या लांब, जिथे आपली भाषा कुणाला कळत नाही, तिथे आपल्या भाषेत कुणीतरी विचारलं. त्याने सांगून टाकलं.

*

साडेनऊला मास्तर म्हणाला, "मला लॉजवर जायला हवं. एका कंपनीची टेस्ट आहे. रात्री बाराला लिंक संपते. नव्वद मिनिटांची."

त्यासाठी लॅपटॉप होता. आम्ही झोपल्यावर तो बाथरूममध्ये बसून टेस्ट देणार होता. खरंच.

अण्णाने रिक्षा कितीला ठरवली हे न विचारता आम्हाला त्यात कोंबलं. लॉजच्या वाय-फायचा भरवसा नव्हता, म्हणून दोघांचे हॉटस्पॉट चालू केले, एक वापरायला, एक बॅकअपला. खोलीत एकच टेबल होतं, त्याचा एक पाय आखूड. त्याखाली राजवाड्याचं तिकीट घडी करून लावलं. अण्णा म्हणाला, "तीन प्रश्न, आपण तिघं, अर्ध्या तासात उडवू."

"नको," मास्तर म्हणाला. "माझा पेपर आहे."

आम्ही दोघं जिन्यावर जाऊन बसलो. फोन दाराजवळ ठेवलेले, म्हणजे हातात फोनही नाही. दीड तास फोनशिवाय बसण्याची माझी बहुधा शाळेनंतरची पहिलीच वेळ. खाली रिसेप्शनवर कुठली तरी तमिळ सीरियल चालली होती.

"माझ्या टीममधले दोघं गेले मे महिन्यात," अण्णा म्हणाला. "मला त्यांचं काम मिळालं. त्यालाच प्रमोशन म्हणाले."

त्या पार्टीत आम्ही बिर्याणी खाल्ली होती. मी त्याला सांगितलं की दर सोमवारी सकाळी लॉगिन करताना पासवर्ड चालतोय का, हे बघताना माझ्या पोटात गोळा येतो. हे मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. गावाकडे माझे बाबा माझं पॅकेज लोकांना सांगत फिरतात, मी घरी नसताना. आम्हा तिघांनाही एकच भीती होती आणि तिघं ती आपापल्या खोलीत सांभाळत बसलो होतो.

अकरा चाळीसला दार उघडलं. मास्तर घामाने भिजलेला.

"कसा गेला?"

"दोन पूर्ण. तिसऱ्यात दोन टेस्ट केस फेल."

"मग सुटलास," अण्णा म्हणाला, आणि कॉलेजात प्रत्येक पेपरनंतर म्हणायचो तसं, "चल, चहा."

साडेबाराला, आजींनी जाऊ नका म्हणून सांगितलेलं हॉटेल तेवढं उघडं होतं. तिथे परोटा खाल्ला. आजींचं बरोबर होतं.

*

रविवारी सकाळी टाउन बसने तिरुवैयारूला गेलो. संत त्यागराज तिथे राहिले, कावेरीच्या काठी त्यांची समाधी आहे. नदीला पाणी होतं. पायऱ्यांवर बसून मुगाच्या डाळीचा, तुपाने थबथबलेला अशोक हलवा खाल्ला. त्यागराज सरफोजींच्याच काळातले. राजाने दरबारात गायला बोलावलं तेव्हा त्यांनी जायला नकार दिला, अशी गोष्ट सांगतात.

"ऑफर रिजेक्ट केली," मास्तर म्हणाला. या वेळी आम्ही हसलो, पण आधी त्याच्याकडे बघून.

इथेच भांडणही झालं. अण्णा सहज म्हणाला, ट्रिपचा खर्च आम्ही दोघं बघतो. मास्तर भडकला. "नोकरी गेलीय, भीक नाही मागत." उठून पार खालच्या पायरीवर जाऊन बसला. आम्ही दहा मिनिटं गप्प राहिलो. मग मी जाऊन शेजारी बसलो आणि म्हटलं, ट्रिपचं तू दे, काही प्रश्न नाही. फ्लॅटचं भाडं तीन महिने मी भरतो, लागल्यावर वळतं कर. तो नाही म्हणाला. भाजीवाल्यासारखी घासाघीस झाली. शेवटी अर्ध्यावर तुटलं, आणि खिचडी आठवड्यातून तीनदाच, ही अट मी घातली.

घरी फोन लाव, असं अण्णाने त्याला दोनदा सांगितलं. त्याने लावलाही. आईशी देवळाबद्दल बोलला, कावेरी दाखवली, हलव्याची रेसिपी विचारून सांगतो म्हणाला आणि ठेवून दिला. आम्ही काही बोललो नाही.

निघताना अण्णाने मान हलवणारी तंजावर बाहुली घेतली, मॅनेजरच्या टेबलावर ठेवायला. बसमध्ये रात्रभर ती त्याच्या मांडीवर सगळ्याला हो-हो करत होती.

सोमवारी सकाळी फ्लॅटवर पोचलो. दहाला मी बूट घालत होतो. मास्तर हॉलमधल्या टेबलावर बसला होता, स्टिकरवाला लॅपटॉप उघडून, बनियनवर. सात आठवड्यांत पहिल्यांदा तो त्या वेळी घरी होता.

"येताना दूध आण," म्हणाला.

*

त्या टेस्टमध्ये त्याचं झालं नाही. पुढच्या चारमध्येही नाही. गणपतीत घरी गेला तेव्हा त्याने वडिलांना सांगितलं. ते दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी विचारलं, "हप्ता किती राहिलाय?" आणि बापलेक वही घेऊन बसले. डिसेंबरमध्ये त्याला पुण्यात नोकरी लागली. पगार आधीपेक्षा कमी. भाड्याचे पैसे त्याने पहिल्या महिन्यातच वळते केले, हिशेबाच्या एक्सेलसकट. शीटचं नाव 'सरफोजी'.

त्याच्या खोलीत आता दुसरा मुलगा राहतो. चांगला आहे, शांत आहे, नागपूरचा आहे. ग्रुपचं नाव अजून 'गोवा २०१९'च आहे. गोव्याचं काही ठरलेलं नाही.

परवा रात्री मास्तरचा मेसेज आला, "काय चाललंय?"

मी 'निवांत' टाइप केलं. मग ते खोडलं आणि त्याला फोन लावला.